तळ्यातले मासे पाणमांजरं खातायत, पकडून दुसरीकडे सोडता येतील का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सिंधुदुर्गात नदीला लागून एकरभराचं तळं, त्यात रोहू, कटला आणि थोडी तिलापिया, दिवाळीनंतर पाच-सहा ऊद, म्हणजे पाणमांजरं, रात्रीचे यायला लागलेत, सकाळी बांधावर अर्धवट खाल्लेले मासे दिसतात आणि एका कडेचं जाळंही फाटलंय. शेजारचे म्हणतायत फासकी लावा, कोणीतरी औषध टाकायला सांगतंय. तुम्हाला ते जीव मारायचे नाहीयेत म्हणून वनखात्याने पिंजरा लावून त्यांना कोयनेच्या जंगलात नेऊन सोडावं असं तुम्हाला वाटतं, आणि त्यासाठी अर्ज कुठे करायचा ते विचारलंय. मारायचं नाही हे तुम्ही आधीच ठरवलंय, त्यामुळे माझं निम्मं बोलणं वाचलं.

मी बरीच वर्षं कोकणातल्या नद्या-खाड्यांच्या काठाने उदांच्या खुणा शोधायचं, नोंदी ठेवायचं आणि मच्छीमार, तळेवाले यांच्याशी बोलायचं काम करतोय. आधी सरळ उत्तर देतो: हलवू नका. कायदा आडवा येतो म्हणून म्हणतोय असं नाही, कायदा येतोच, पण समजा उद्या परवानगी हातात पडली तरी मी हेच सांगेन कारण त्याने तुमचे मासे वाचणार नाहीत. ऊद घालवायचे कसे हा खरा प्रश्नच नाहीये, तुमचं तळं त्यांना इतकं सोपं का पडतंय हा आहे, आणि त्यावर इलाज तुमच्या हातात आहे. तो नेमका किती करायचा हे मात्र बांध कसला आहे, पावसाळ्यात नदी तळ्यात घुसते का, मासे कुठल्या साइझचे आहेत आणि खिशात किती आहे यावर ठरेल, सगळ्यांना एकच नुस्खा लागू पडत नाही.

पहिलं काम, हे ऊदच आहेत ना ते बघा. पाच-सहा एकत्र पाण्यात बघितले म्हणताय तर बहुतेक तेच, मुंगूस किंवा उदमांजर (नाव सारखं असलं तरी हे वेगळं, झाडांवर फिरणारं जनावर) असं घोळक्याने पाण्यात उतरत नाही. पण 'ऊद मासे खातो' म्हणून मी गेलो आणि खरा हिशेब पाणकावळ्यांचा निघाला असं झालंय, कुठे बगळ्यांचा, कुठे तर सरळ दोन पायांच्या चोरांचा, आणि बिल सगळं उदाच्या नावावर. म्हणून बांधावरून एक सकाळ नीट चाला. उदाची विष्ठा ओळखायला सोपी, उंचवट्यावर, एखाद्या दगडावर किंवा पाणी आत येतं त्या तोंडाशी असते, खवले आणि बारीक काट्यांनी भरलेली, मध्ये मध्ये खेकड्याच्या कवचाचे तुकडे, वास माशाचा आणि उग्र. मुख्य म्हणजे अख्खं कुटुंब एकाच जागी येऊन करतं, त्यामुळे तो एक पसरलेला चिखलच दिसतो. ओल्या मातीत पाऊल बघा, पाच बोटं आणि बोटांमध्ये पडद्याची खूण. कुत्र्याला चारच उमटतात. मुंगसाला पाच असतात पण पडदा नसतो आणि नखं लांब टेकलेली दिसतात. जवळपास वाळूचा पट्टा असेल तर तिथे लोळल्याच्या खुणा मिळतील, अंग कोरडं करायला ते वाळूत घोळतात. पाणकावळा माशाचा तुकडा मागे ठेवत नाही, अख्खा गिळतो. ऊद लहान मासा पाण्यातच संपवतो, मोठा मात्र काठावर आणून डोक्याकडून खायला लागतो आणि पुष्कळदा शेपटीकडचा भाग टाकून जातो. तुमच्या बांधावर मिळतात ते तुकडे शेपटीकडचे आहेत का एवढं बघा.

आता हा प्राणी जगतो कसा ते थोडं सविस्तर सांगतो, कारण उपाय सगळा त्यातूनच निघतो. भारतात उदांच्या तीन जाती. युरेशियन ऊद हिमालयात आणि दक्षिणेकडच्या घाटात, अलीकडे मध्य प्रदेशात सातपुड्याच्या बाजूलाही कॅमेऱ्यात आलाय. लहान नखांचा ऊद तीन-साडेतीन किलोचा, तो हिमालयाच्या पायथ्याला, ईशान्येत आणि दक्षिण घाटातल्या थंड ओढ्यांत. आपल्याकडे नद्या, खाड्या, कांदळवनं आणि धरणांच्या फुगवट्यात दिसतो तो स्मूद-कोटेड ऊद, आग्नेय आशियातला सगळ्यात वजनदार, ७ ते ११ किलो भरतो, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मीटरभर, शेपूट टोकाकडे चपटी. हा एकटा-दुकटा राहणारा प्राणी नाही. नर, मादी, यंदाची पिल्लं आणि बरेचदा गेल्या वर्षीची मोठी झालेली पोरं असं कुटुंब असतं, दहा-अकरापर्यंत जातं. म्हणजे तुम्ही बघितलेले पाच-सहा म्हणजे 'टोळी' नाही हो, एक घर आहे ते. आणि शेजाऱ्यांना वाटतं तसे 'वीस-पंचवीस ऊद' त्या भागात असायची शक्यता फार कमी, तेच घर वरच्या कोंडीत म्हणजे नदीतल्या खोल डोहात, खालच्या पुलाखाली आणि तुमच्या तळ्यात दिसतं आणि प्रत्येक जण वेगळे धरून मोजतो.

या घराचा नदीवर स्वतःचा पट्टा असतो. तो पट्टा ते विष्ठेने आणि वासाने राखून ठेवतात, मघाशी सांगितलेली ती घाण जागा म्हणजे हद्दीची पाटीच. पट्ट्यात बिळं एकापेक्षा जास्त, खडकाच्या कपारीत, काठावरच्या झाडाच्या मुळांखाली, कधी दाट झुडपात. गर्भ साधारण ६० दिवसांचा. पिल्लं एका वेताला दोन ते पाच, डोळे दहाव्या दिवसाच्या आसपास उघडतात, आणि गंमत अशी की पाण्यात जगणाऱ्या या प्राण्याच्या पिल्लांना पाणी मुळात आवडत नाही, दोन महिन्यांची होईपर्यंत ती पोहत नाहीत आणि नंतरसुद्धा आईबाप मानगुटीला धरून त्यांना पाण्यात ओढतात. स्वतःची वीण करायला दोन-तीन वर्षं जातात. आपल्याकडे पिल्लं जास्त करून पाऊस ओसरल्यावर आणि हिवाळ्यात दिसतात.

म्हणजे तुमच्याकडे त्रास दिवाळीनंतरच का सुरू झाला ते लक्षात आलं असेल. जवळपास कुठेतरी बीळ आहे, मादी पिल्लांना पाजतेय किंवा पिल्लं नुकती शिकायला लागलीत, तिला लांब जाता येत नाही आणि खाणं मात्र जास्त लागतं. त्याच वेळी तुमचे मासे खाण्याजोगे झालेत, पाणी साठलेलं, पळायला जागा नाही. केरळातल्या पेरियारमध्ये उदांच्या आहाराचा अभ्यास झालाय, त्यात जवळजवळ सगळं खाणं मासेच निघालं, आणि मासे पकडताना हा प्राणी जे सोपं ते आधी घेतो, नदीतला चपळ मासा की तळ्यातली सुस्त तिलापिया यात तो कशाला डोकं चालवेल. रात्री येतात त्याचंही तसंच आहे, ही जात खरं तर दिवसा वावरणारी, पहाटे आणि संध्याकाळी जास्त, पण माणसांची वर्दळ असली की वेळ रात्रीकडे सरकवतात.

आता हलवण्याचं. त्यांना उचललं की तो पट्टा रिकामा होतो, आणि चांगला पट्टा रिकामा राहत नाही, वरच्या किंवा खालच्या घरातली मोठी झालेली पोरं जागा शोधतच असतात, ती येऊन बसतात. तळं तसंच उघडं असेल तर त्यांनाही ते पहिल्याच आठवड्यात सापडेल, त्यांची नाकं काही वेगळी नाहीत. दुसरं, पिंजऱ्यात अख्खं घर एकदम कधीच सापडत नाही. आई अडकली आणि बिळात महिन्याची पिल्लं राहिली तर ती मरणारच, तुम्हाला ती दिसणार नाहीत एवढंच. तिसरं म्हणजे तुम्ही जिथे पाठवायचं म्हणताय त्या कोयना-चांदोलीच्या जलाशयांत ऊद आधीपासून आहेत. त्यांच्या हद्दीत आयते पाच पाहुणे नेऊन टाकले तर मारामारी, जखमा आणि उपासमार. शिवाय खाडी आणि सपाट नदी ओळखणारा प्राणी घाटातल्या अनोळखी पाण्यात सोडला की त्याला बीळ कुठे, मासा कुठे हे शून्यापासून शोधावं लागतं. ज्याला जंगलात 'सोडणं' म्हणतात ते पुष्कळदा लांब नेऊन मारणंच असतं, फक्त आपल्या डोळ्यांसमोर नाही. कायद्याचं सांगायचं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ऊद संरक्षित आहे, फासकी, विष, पिंजरा काहीही स्वतः केलं तर गुन्हा, आणि पकडायची परवानगी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून यावी लागते. तळ्यातल्या माशांसाठी ती मागायला गेलात तरी वरचे सगळे प्रश्न तिथेही विचारले जातील.

नुकसान किती आहे हे एकदा कागदावर मांडा. बंदिवासात मोठ्या उदाला दिवसाला किलोभर खाणं लागतं. सहा जणांचं घर धरलं, त्यातली दोन-तीन पिल्लं, तर रात्रीला चार ते सहा किलो ही वरची हद्द झाली, तीसुद्धा ते रोज फक्त तुमच्याकडेच जेवले तर. तसं होत नाही, पट्टा मोठा असतो, ते फिरतीवर असतात, एका ठिकाणी दोन-तीन रात्री येऊन मग काही दिवस गायब होतात. 'अर्धं तळं संपवलं' असं कोणी सांगितलं तर मी आधी विचारतो मत्स्यबीज किती सोडलं होतं आणि त्यातलं जगलं किती, कारण बोटुकलीची म्हणजे बोटाएवढ्या माशांची मर, ऑक्सिजन कमी पडणं, पुरात वाहून जाणं हे सगळं शेवटी उदाच्या खात्यात जमा होतं. पण याचा अर्थ नुकसान खोटं आहे असा नाही. एकराच्या तळ्यात महिनाभर रोज दोन-तीन किलो गेले तरी लहान माणसाला ते लागतं, आणि 'ऊद हा निसर्गाचा दागिना आहे' असलं भाषण त्याला ऐकवायला मला जमत नाही. म्हणून वही ठेवा: तारीख, किती तुकडे मिळाले, कुठल्या कोपऱ्यात, विष्ठा ताजी होती का. पंधरा दिवसांत तुम्हालाच कळेल ते कुठून येतात, आणि सगळा खर्च त्या एका बाजूवर करता येईल.

कुंपण. यावर मी सगळ्यात जास्त बोलतो आणि लोकांना हेच सगळ्यात कमी आवडतं कारण यात खर्च आहे. ऊद चढू शकतो, खणू शकतो आणि डोकं जाईल तिथून अंग काढतो, तेव्हा साधी तारेची जाळी उभी केली आणि खाली चार बोटं फट राहिली तर पैसे पाण्यात. जाळीचं भोक पाच सेंटिमीटरपेक्षा मोठं नको, उंची निदान सव्वा मीटर, आणि वरचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला, म्हणजे नदीकडे, वाकवलेला. खालून खणू नये म्हणून जाळी जमिनीत फूट-दीड फूट गाडायची. तुमचा बांध चिऱ्याचा किंवा कातळावर असेल तर गाडणं शक्य नाही, मग जाळीचा खालचा दोन फूट भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरायचा, त्यावर दगड रचायचे, खिळवून टाकायचा. प्राणी कुंपणाच्या बुडाशी येऊन खणायला बघतो आणि पायाखाली जाळीच लागते. पाणी आत येतं आणि बाहेर जातं ती तोंडं विसरू नका, कोकणात मी बघितलेल्या तळ्यांमध्ये चोरवाट बहुतेक वेळा तीच असते, चारी बाजूंनी उत्तम जाळी आणि पाइपाचं तोंड सताड उघडं. तिथे लोखंडी गज किंवा जाळीची चौकट बसवा, पण काढता येईल अशी, पालापाचोळा अडकला की साफ करावी लागते नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात बांधच जाईल.

खाऱ्या वाऱ्यात जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेली जाळी किती टिकते ते तुम्हाला मी सांगायला नको. पीव्हीसी कोटिंगवाली घेतली तर जास्त चालते. सगळ्या एकराला घालणं परवडत नसेल तर मी असं सुचवतो की तळ्याचा एक कोपरा किंवा वेगळं छोटं संगोपन तळं पक्कं बंद करा, महाग मासा आणि बीज तिथे ठेवा, वरून पक्ष्यांसाठी जाळं टाका, आणि उरलेल्या तळ्यात थोडं जाईल हे धरून चाला. नर्सरी वाचली तर वर्ष वाचतं.

झटका मशीन चालतं, आणि लांब बांधाला जाळीपेक्षा स्वस्त पडतं. बॅटरी किंवा सोलरवर चालणारं, ठरावीक अंतराने क्षणभर झटका देणारं मशीन, तारा जमिनीपासून साधारण १०, २० आणि ३० सेंटिमीटरवर, कारण ऊद खाली वाकून येतो आणि ओलं नाक पहिलं लागतं, एकदा लागलं की ते घर ती बाजू बरेच दिवस टाळतं. गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत जातो म्हणून आठवड्याला साफ करायची तयारी हवी, पावसाळ्यात तर हे काम डोकेदुखी आहे, पण तुमचा त्रास हिवाळ्यातला आहे त्यामुळे जमेल. आणि हे मोठ्या अक्षरात वाचा: घरातल्या लाइटीचा करंट तारेत सोडायचा नाही. त्याने ऊद मरेल, गाय मरेल आणि एखाद्या रात्री खेकडे धरायला आलेलं गावातलंच पोर मरेल.

बाकीच्या युक्त्यांवर जास्त वेळ घालवत नाही. फटाके, रेडिओ, लुकलुकणारे दिवे, बुजगावणं हे सगळं थोडेच दिवस चालतं, हुशार प्राणी आहे, यातून काही होत नाही हे त्याला लगेच कळतं. मासे काढायच्या आधीचे दहा-बारा दिवस निभावायचे असतील तेवढ्यापुरतं ठीक. बांधाच्या आतल्या अंगाचं झुडूप काढा, तिथे बसून खायची सोय राहू नये, पण नदीकडच्या काठावरचं झाड-झुडूप आणि कांदळवन अजिबात हात लावू नका, कांदळवन तोडणं बेकायदेशीर तर आहेच पण तिथला आसरा गेला की ते घर आणखी तुमच्याकडेच सरकेल. मेलेले मासे बांधावर टाकत असाल तर बंद करा, ते आमंत्रण आहे. कुत्रा ठेवला तर उपयोग होतो, कुत्र्याच्या वासाला ऊद बिचकतो, पण कुत्रा कुंपणाच्या आत आणि लस टोचलेला असावा. मोकाट सोडलेली कुत्री काठावरची पिल्लं फाडतात, आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग उदाच्या कुळातल्या प्राण्यांनाही होतो.

विषाचं तर बोलायलाच नको पण बोलतो. कीटकनाशक भरलेला मासा बांधावर ठेवला तर तो आधी घार खाईल, कुत्रा खाईल, मग कदाचित ऊद, आणि उरलेलं पावसाने तळ्यात जाईल जिथले मासे तुम्ही विकणार आहात. पाण्यात टाकलेलं तर खाली सगळ्या नदीला लागतं. फाशात मादी अडकली तर बिळातली पिल्लंही जातात, आणि तुमच्यावर गुन्हा. शेजाऱ्यांना जीवदया पटत नसेल तर हे दोन मुद्दे सांगा, हे पटतात.

इथवर तळ्याचं झालं, म्हणजे थोडक्यात खात्री करा, वही ठेवा, येण्याची वाट शोधा, ती बाजू आणि पाण्याची तोंडं बंद करा. पण तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय की 'आमच्या लहानपणी हे नदीतच असायचे, आता तळ्यात का यायला लागले', आणि मला हा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. उदाला तीन गोष्टी लागतात: मासा, लपायला काठ, आणि अंग सुकवायला वाळू किंवा खडक. रेती उपसा झाला की वाळूचा पट्टा जातो, काठ ढासळतो, बिळं ढासळतात, आणि कोंडी सपाट झाल्या की मासाही जातो. सुरुंग लावून मासे मारले की एका दिवसात कोंड रिकामी. काठाला काँक्रीटची भिंत बांधली की मूळही नाही आणि कपारही नाही. मग त्या पट्ट्यात उरतं काय, तुमचं तळं. मी उपशाच्या जागा आणि तळ्यांच्या तक्रारी एकाच नकाशावर टाकून बघतो तेव्हा त्या फार लांब नसतात. म्हणून तुमच्या गावात ग्रामसभेत रेतीचा विषय निघेल तेव्हा तळेवाला म्हणून उभे राहा, पर्यावरणवाला म्हणून नाही, तुमचं बोलणं जास्त ऐकलं जाईल.

नदी सांभाळली की ऊद परत येतो, याची उदाहरणं आहेत. सिंगापूरमधून १९७० च्या दशकात स्मूद-कोटेड ऊद जवळपास नाहीसे झाले होते, १९७७ ते १९८७ या काळात तिथली नदी साफ केली गेली, १९९८ मध्ये ऊद पुन्हा दिसले आणि आता शहराच्या मधोमध घरं करून राहतात. तिथे लोकांच्या बागेतल्या शोभेच्या तळ्यांतले मासे खाणं ही रोजची भांडणं झालीत, आणि उपाय कुठला सांगतात, तर फटी बंद करा, जाळी घाला. आपल्या शेजारी कर्नाटकात २०१५ मध्ये तुंगभद्रेचा ३४ किलोमीटरचा पट्टा उदांसाठी राखीव जाहीर झाला, देशातला उदांसाठीचा असा पहिलाच. तिथे नदीकाठी शेती आहे, मासेमारी आहे, माणसं आहेत, अभयारण्यासारखं सगळं बंद करून टाकलेलं नाही. मला कोकणातल्या नद्यांसाठी हाच नमुना जवळचा वाटतो, कारण इथे माणूस नसलेली नदी मिळणारच नाही.

आणि ही जात काही उदंड नाही. जगाच्या पातळीवर ती 'असुरक्षित' गटात मोडते. एके काळी कातड्यासाठी प्रचंड मारली गेली, वाघ-बिबट्याच्या कातड्यांच्या चोरट्या बाजारात उदाची कातडीही असायची, तिबेटी पोषाखाच्या काठाला ती लावत. २००६ मध्ये दलाई लामांनी कातडी वापरू नका असं आवाहन केल्यावर तिबेटात लोकांनी असे पोषाख रस्त्यावर आणून जाळले. मग पाळीव प्राणी म्हणून गोंडस व्हिडिओंचं खूळ आलं, पिल्लांची तस्करी वाढली, आणि २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराखाली ही जात सगळ्यात कडक यादीत गेली. दुसरीकडे बांगलादेशात सुंदरबनाच्या बाजूला मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या हेच ऊद दोरीला बांधून मासे जाळ्यात हाकायला वापरत आलेत, म्हणजे ज्याला तुम्ही चोर म्हणताय तो तिकडे धंद्यातला भागीदार. तुम्ही तसं काही करू नका हं, आपल्याकडे पाळणं गुन्हा आहे.

म्हणून व्हिडिओबद्दल एक विनंती. मुलं बीळ शोधून शूटिंग करतील, ते जागेच्या नावासकट टाकू नका. बीळ सापडलं तर लांब राहा. हे प्राणी माणसावर उठून येत नाहीत, पण पिल्लं सोबत असताना कोणी मध्ये आलं तर चावतात आणि दात जबर असतात, सिंगापूरच्या बागेत २०२१ मध्ये एका माणसाला घोळक्याने चांगलंच चावलं होतं. काठावर एकटं पिल्लू दिसलं तर लगेच उचलून घरी आणू नका, आई बहुतेक जवळच असते आणि तुम्ही हललात की येते. जखमी असेल किंवा संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही तरच वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा, दूध वगैरे पाजत बसू नका.

नदीत तुम्ही किंवा भाऊबंद नायलॉनची उभी जाळी टाकत असाल तर बीळ आणि ती विष्ठेची जागा टाळून टाका आणि रात्रभर न सोडता मध्ये एकदा बघा. ऊद जाळ्यातला मासा काढायला जातो आणि अडकला तर बुडून मरतो, पाण्यातला असला तरी श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. जाळंही फाटतं, दोघांचं नुकसान.

भरपाईबद्दल. समुद्रात संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि तो सोडायला जाळं कापलं तर महाराष्ट्रात मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, पण ती समुद्रातल्या जाळ्यांसाठी आहे, तळ्यातल्या माशांचा विषय वेगळा. तरी परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या, फोटो आणि ती वही जोडा, पंचनामा मागा आणि पोच घ्या. पैसे मिळाले नाहीत तरी नोंद होते, आणि चार-पाच तळेवाल्यांनी मिळून कुंपणाला अनुदान मागितलं तर त्या नोंदी कामाला येतात. मत्स्यव्यवसाय विभागाकडेही तोच अर्ज टाका, तळं त्यांच्या योजनेतलं असेल तर जास्तच.

पुढे नेमकं सांगायला मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात: बांध मातीचा की चिऱ्याचा, पाणी आत घेता त्या तोंडाचा दिवसा काढलेला फोटो, आणि तळ्यापासून नदीचं पात्र किती पावलांवर आहे. बाजूला वाळू असेल तर तिचाही फोटो टाका. कुंपण कुठून सुरू करायचं आणि किती मीटरमध्ये भागेल ते त्यावरून सांगता येईल.